शेवटचं प्रकरण

मित्रांनो, मी एक जुनं इतिहासाचं पुस्तक आहे. अमेरिका हे राष्ट्र कसं वाढत गेलं, ते सगळं माझ्या पोटात आहे. छापखान्यातून कोरा करकरीत निघालो, तेव्हा काय माझा रुबाब होता! पण पुढे इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये धूळ खात पडलो. २००६ साली सीमाताईंनी मला उचललं ते ऋजुतासाठी. ही त्यांची लेक शाळेत हाच विषय शिकत होती आणि नुकतीच वर्गात धीटपणे हात वर करायला लागली होती.

केमोनंतर सीमाताई सोफ्यावर पडून असायच्या. ऋजुता त्यांना मला मोठ्यानं वाचून दाखवायची.

बॉस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या फेकल्या, तेव्हा सीमाताई उठूनच बसल्या. "अगं बाई, एवढा चहा खाऱ्या पाण्यात?"

"आई, ते प्रोटेस्ट होतं!"

मग तेरा वसाहतींचं राष्ट्र झालं. माणसं गाड्या जुंपून पश्चिमेला निघाली.

"आणि तिथं आधीपासून राहणारे गं?"

"त्यांना हाकललं, आई."

सीमाताईंनी ते पान तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

शेवटचं प्रकरण तेवढं उरलं आणि दसरा आला. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती. सीमाताईंनी मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं.

"आई, थोडंच राहिलंय. प्लीज!"

"पूजेतलं पुस्तक आज वाचायचं नसतं, राणी. उद्या वाच. मी कुठं पळून जातेय?"

पहाटे अ‍ॅम्ब्युलन्स आली. सीमाताई परत आल्या नाहीत. मी पाटावरच होतो, अंगावर कालची झेंडूची फुलं.

खूप दिवसांनी बाबा, म्हणजे अतुलराव, मला हातात घेऊन तिच्यासमोर बसले. "वाच बेटा. मी ऐकतो."

तिनं पान उघडलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं मला हळूच मिटलं. "सॉरी बाबा. हे आईला वाचून दाखवायचं होतं."

तेव्हापासून मी कपाटात आहे. राष्ट्र पुढे कसं पुरं झालं, ते मला पाठ आहे, पण सांगू कुणाला?

मित्रांनो, आम्हाला फुलं जरूर वाहा, कव्हरं घाला. पण आपलं माणूस ऐकायला बसलं असेल, तर आम्हाला पाटावरून खुशाल उचला. आम्ही रागावणार नाही.