फिटलं!

शिक्षणाचं कर्ज फेडायला मी परदेशात येऊन इंग्रजी शिकवत होते. माझ्या वर्गात सगळे आजी-आजोबाच. दूर इंग्रजी मुलखात वाढलेल्या नातवंडांशी इंग्रजीत गप्पा मारता याव्यात, म्हणून ते शिकायला यायचे. त्या सकाळी फळ्यावर फळांची नावं लिहीत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज होता. शेवटचा हप्ता जमा झाला होता, कर्जाचं खातं बंद!

"फिटलं!" मी मराठीतच किंचाळले आणि खडू हवेत उडवला.

वर्गाला वाटलं, हा नवा शब्द. सगळे एका सुरात म्हणाले, "फितला!"

"फितला नाही हो, फिटलं!" हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग त्यांना इंग्रजीत सगळं समजावलं. ऐकताच पूर्वी टॅक्सी चालवणारे एक आजोबा उठून नाचायलाच लागले. पुढच्या बाकावरच्या आजींनी माझे हात धरून मला गरगर फिरवलं.

तशीच धापा टाकत मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कर्जाला जामीन तेच होते. मी तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "फिटलं!"

बाबा डोळे पुसत म्हणाले, "अगं, यांना इंग्रजी कधी शिकवणार?"