दुपारची गोळी

राजेश्री सिस्टरनं गोळ्यांचं पाकीट उजेडात धरलं. दुपारच्या गोळ्या आठवडाभराच्या तशाच शिल्लक होत्या.

"दुपारची गोळी देत नाही का हो यांना?" तिनं दत्तरावांना विचारलं.

"देतो की. हीच घेत न्हाई," दत्तराव ओशाळून म्हणाले.

त्यांची बायको सुगंधाबाई बाजेवर पडून होती. पोटातला कॅन्सर उपचारांच्या पलीकडे गेला होता आणि सरकारी दवाखान्याची राजेश्री दर मंगळवारी झरी गावाजवळच्या या मेंढपाळाच्या घरी यायची. कामाला चोख. दुखणं दहापैकी किती, झोप किती, सगळं फॉर्मात भरायची. फक्त विचारायची दत्तरावांना, आणि तेही आपलंच पोट असल्यासारखे बेधडक आकडा सांगायचे.

"गोळीनं गुंगी येती, शिस्टरबाई," सुगंधाबाई एकाएकी बोलली. "दिवस मावळताना मला जागं ऱ्हायचंय."

"दुखणं कशाला सोसता? आता आराम करायचा."

"आराम लय झाला. ह्यांनी मला कामातून काढलंय. तिकडं कोकरं उपाशी झोपायलेत, मला हितं ऐकू येतंय."

दत्तरावांनी मान खाली घातली. तिला काडीही उचलू द्यायची नाही असं घरानं ठरवलं होतं, आणि मायेनंच ठरवलं होतं.

राजेश्रीनं बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. आत आली ती गोळ्यांच्या वेळा बदलूनच. मग परतीची बस सोडून ती तिथंच थांबली.

मेंढरं माघारी आली तसं दत्तराव आणि सून विजयमाला यांनी बाज उचलून बाहेर नेली. दिवसभर जाळीत ठेवलेली कोवळी कोकरं भुकेनं ओरडत होती. त्यांना आपली आई लवकर सापडत नाही, आणि परक्या मेंढीखाली शिरलं की ती धडक मारते. विजयमालाचा रोज इथंच गोंधळ व्हायचा. ती एकेक कोकरू उचलू लागली. सुगंधाबाईचे डोळे मिटलेले होते.

"हे बांडीचं. हे मोरीचं. थांब, त्याला भोरीकडं नगं, तिच्या पोरीकडं ने."

नुसत्या ओरडण्यावरून ती प्रत्येकाच्या आईचं नाव सांगत होती. वीस कोकरं आपापल्या आईला लागली. कपाळावर घाम होता, ओठ आवळलेले होते, पण आवाज हलला नाही. एवढं मोठं काही आपण पाहिलं नाही, असं राजेश्रीला अगदी आतून वाटलं.

एक कोकरू उरलं. त्याची आई सकाळी पोट फुगून मेली होती. पिल्लं गमावलेल्या तीन मेंढ्या कळपात होत्या. सगळे सुगंधाबाईकडे बघू लागले.

"आता तू बघ," ती सुनेला म्हणाली.

विजयमालानं कोकरू त्यांतल्या एका मेंढीला लावलं. धडक बसली. दत्तराव पुढे झाले, तसं सुगंधाबाईनं त्यांचं धोतर धरून ठेवलं. विजयमाला मेंढरांत बसून राहिली. मग त्या तिघींतल्या एका काळ्या मेंढीचं थोडं दूध काढून तिनं कोकराच्या पाठीला चोळलं आणि त्याला तिच्यापुढं सोडलं. मेंढीनं बराच वेळ वास घेतला.

"आत्याबाई, बरोबर हाय का?"

"मला काय इचारतीस?" सुगंधाबाई म्हणाली. "तिला इचार."

मेंढी पाय फाकून, कोकराला पिऊ देत उभी राहिली होती.