विचारून सांगते

दादाला वेगाचं भारी वेड. धाकट्या बहिणीने लिहिलेला प्रोग्रॅम त्याने डबिंग स्टुडिओच्या गळ्यात मारला, तोही 'पापणी लवायच्या आत' एवढ्या एका वाक्यावर. स्टुडिओतली सगळी ध्वनिमुद्रणं तळमजल्यावरच्या सर्व्हरवर; वरच्या टेबलांवरचे कॉम्प्युटर या प्रोग्रॅममधून ती उघडत.

तिथल्या संकलक काकूंनी आपल्या फाइलींमधल्या आवाज नसलेल्या जागा पोकळ करून टाकल्या, म्हणजे मुद्रणाची लांबी तीच, पण शांततेला सर्व्हरवर जागा लागेना. सर्व्हरने ती जागा मोकळीही केली. काकूंच्या पडद्यावर मात्र व्यापलेल्या जागेचा जुनाच, फुगलेला आकडा. तो बघून मॅनेजरने फर्मान काढलं: जागेची मर्यादा ओलांडलीत, तुमची जुनी मुद्रणं आज दुपारी पुसणार. त्यांत एका वारलेल्या नटाचा आवाज होता, दुसरीकडे कुठेच नसलेला.

काकूंचा फोन आला तसा दादा म्हणाला, "मशीन बंद करून चालू करा म्हणावं. आकडा सुधारतो."

"आणि पुढच्या वेळी?" बहिणीने विचारलं.

"पुढच्या वेळीही तेच."

"अरे, आपला प्रोग्रॅम फाइल वाढली की आकडा वाढवतो, जागा सोडली की कमी करायला विसरतो. आणि वर तोच आकडा छातीठोक सांगतो. अगदी तुझ्यावर गेलाय."

तिने दुरुस्ती केव्हाच करून ठेवली होती. जागा सोडली, की लक्षातला आकडा रद्द. कुणी विचारलाच, तर सर्व्हरला विचारून सांगायचा.

"म्हणजे आकडा द्यायला थांबणार! काढ ते."

"नाही काढणार."

"कंपनी माझी आहे."

"मग थापाही तू मार. माझ्या प्रोग्रॅमच्या तोंडी घालू नकोस."

ती निघालीच. मागोमाग तोंड पाडून दादा.

स्टुडिओत काकू खुर्ची अडवून बसल्या होत्या. "आधी मला उचला, मग आवाज पुसा," त्या मॅनेजरला सुनावत होत्या. बहिणीने उभ्या उभ्याच नवा प्रोग्रॅम चढवला आणि जागेचा आकडा मागितला. पडदा क्षणभर गप्प.

"अडकलं वाटतं," मॅनेजर म्हणाला.

"अडकलं नाही. खाली विचारतंय."

दादाने डोळे मिटून घेतले. आकडा आला, मर्यादेच्या कितीतरी आत. मॅनेजर पुढे वाकून बघत राहिला, पण काकू काही खुर्ची सोडेनात.

"आता सगळ्यांचेच आकडे असे विचारून घ्या. तोवर इथलं अक्षरही पुसू देणार नाही."

दादाने घसा खाकरला. "हे जे थांबणं आहे ना साहेब, ती आमच्या नव्या आवृत्तीची खासियत."

"आणि ती काढता येत नाही," बहीण म्हणाली. मॅनेजरकडे नव्हे, दादाकडे बघत.