तिघं धावणारे

शनिवारी संध्याकाळी सात वाजले की हाशम टीव्हीसमोर जेवणाचं दस्तरखान अंथरत असे. अमेरिकेत तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असत आणि तिथल्या कॉलेजांचे फुटबॉलचे सामने सुरू होत. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. चेंडू काखेत दाबून समोरच्या धिप्पाड पोरांच्या भिंतीतून पळायचं. हाशम तीस वर्षं कंपनीची बस चालवत होता आणि बसमधल्या एका अमेरिकन इंजिनिअरने त्याला हे वेड लावलं होतं. सौदीतल्या अल-खोबरमधल्या त्यांच्या सगळ्या कोकणी गोतावळ्यात ते दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

त्या शनिवारी त्याची मुलगी लाइबा शेजारी बसून मेथी निवडत होती. हाशमचा जुना दोस्त मुनाफचाचा नेहमीसारखा चहाला आलेला. पंधरा वर्षं बघूनही कुठला संघ कुठल्या दिशेला पळतोय हे त्याला समजत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

हाशमने दस्तरखानावर तीन खजूर मांडले, पुढे एक पिस्ता ठेवला. पिस्ता म्हणजे चेंडू. एकाच पोराला दर वेळी पळवलं तर शेवटच्या डावात तो मोडतो, म्हणून शहाणे कोच तिघांना एकत्र उभं करतात, हे त्याने पुन्हा समजावलं. एक जाडा, गर्दीत घुसणारा. एक चपळ. आणि तिसऱ्याच्या हातात चेंडू नसतोच, तरी तो पुढे होऊन छातीवर मार घेतो.

"पण पळण्याकडे नको बघू," तो म्हणाला. "हाताकडे बघ. याच्या हातातून त्याच्या हातात जाताना चेंडू पडतो. सामने तिथेच हातचे जातात."

"अब्बा, पिस्ता खाऊ का मी?"

"खा. मग ही तिघं उगाच पळतील."

तिने तो खाल्ला. मुनाफचाचाने जाडा खजूर उचलला. हाशमचा संघ हरला, मेथीची भाजी झाली, तिघं जेवले.

रविवारी सकाळी लाइबा हॉस्पिटलच्या औषधखान्यात कामावर पोहोचली आणि रोजच्यासारखा अब्बांना मेसेज टाकला, 'पोहोचले'. साडेनऊला मुनाफचाचाचा फोन आला. हाशम गरम तमीस रोटी घेऊन परतताना इमारतीच्या पायरीवर बसला होता, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या, असरच्या नमाजानंतर त्याला दफन केलं. पुरुष परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना वाळू होती. लाइबाने ती दारातून झाडली नाही.

माणसं येऊन गेली. लाइबा सगळ्यांशी नीट बोलली. आतून मात्र तिला तिचंच एक जुनं वाक्य कुरतडत होतं.

ती नऊ वर्षांची असताना आई गेली. मुलीला गावी फुफीकडे, तुझ्या बहिणीकडे ठेव, असं सगळ्यांनी हाशमला सांगितलं. त्याने ठेवलं नाही. तो पहाटे साडेचारला बस घेऊन निघायचा. मग वरच्या मजल्यावरची हाजराखाला तिची वेणी घालून तिला शाळेच्या गाडीत बसवायची. दुपारी मुनाफचाचा शाळेतून आणायचा आणि ती त्याच्या कार्गोच्या दुकानात, गावी जाणाऱ्या पेट्यांच्या मधोमध बसून गृहपाठ करायची. संध्याकाळी हाशम यायचा. तोवर प्रत्येकाने तिला ताब्यात घेतल्यावर त्याच्या मोबाइलवर एकच रिंग द्यायची. गाडी चालवताना त्याला फोन उचलता येत नसे. रिंग वाजली की पोर नीट पोहोचली.

चौदाव्या वर्षी ती त्याला म्हणाली होती, "मी काय चेंडू आहे? ह्याच्या हातातून त्याच्या हातात?"

हाशमने चहा गाळून तिच्यापुढे ठेवला होता. तिने ते शब्द कधी मागे घेतले नाहीत. पुढे शिकली, नोकरीला लागली, त्याच्याच घरात राहिली, तरी विषय निघाला नाही. आता ज्याची माफी मागायची, तोच उरला नव्हता.

पुढच्या शनिवारी सात वाजता मुनाफचाचा आला. बरोबर हाजराखाला, कढीचं पातेलं घेऊन. कुणीच काही ठरवलं नव्हतं. लाइबाने टीव्ही लावला, दस्तरखान अंथरलं. आणि मग तिला राहवलं नाही. चेंडूचं ते वाक्य अब्बांना फार लागलं होतं का, तिने विचारलं.

मुनाफचाचा हाजराखालाकडे बघून हसला. मग त्याचे डोळे भरले.

"लागलं? दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मला सांगत होता, मुनाफ, एवढी वर्षं तुला खेळ समजला नाही, माझ्या पोरीला बघ, बरोबर समजलाय. चेंडू तीच आहे. बाकी आपण पळणारे."

"माझ्याकडेही आला होता," हाजराखाला म्हणाली. "मला म्हणाला, खाला, तुमचा हात सर्वांत घट्ट. मी म्हटलं, वेणी घालते ना रोज."

लाइबा हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

पडद्यावर तीन पोरं एका रांगेत वाकून उभी राहिली. लाइबाने त्यांच्या हातांकडे बघितलं. चेंडू पहिल्याच्या पोटाशी गेला, दुसऱ्याच्या हातात आला, तिसरा पुढे धावून समोरच्यांना आडवा गेला. चेंडू पडला नाही.

तिने दस्तरखानावर तीन खजूर मांडले, पुढे एक पिस्ता ठेवला. मग हाशमच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अब्बा, पोहोचले मी. तुम्ही तिघांनी वाटेत एकदासुद्धा पडू दिलं नाहीत मला."