भुऱ्या

ठेकेदाराकडून रेडे न्यायला आलेल्या चंदरने रेड्याचे दात पाहिले नाहीत की खूर पाहिले नाहीत. त्याने पुठ्ठ्यावर हात दाबला आणि म्हणाला, "नथूकाका, चांगला भरलाय."

नथूच्या हातातलं दावं सैल पडलं. औताचं जनावर घेणारा माणूस असा चाचपत नसतो.

पावसाच्या तोंडावर ठेकेदाराने हे रेडे नथूच्या गावी, वैशाखऱ्याला, पाठवले, तेव्हा त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. 'माळावर चार, दिवाळीला शेतकऱ्यांना विकू,' असा निरोप होता. नथूने पावसाळाभर त्यांना डोंगराच्या उतारावर चारलं, अंगावरच्या गोचड्या वेचल्या. भुऱ्या तर उठतही नव्हता. त्याचं मुंडकं मांडीवर घेऊन बाईजाने, नथूच्या बायकोने, त्याला पेज पाजली. लढाईचं साल, घरात माणसांनाच पेज पुरत नव्हती.

"नेतोस कुठं यांना?" नथूने विचारलं.

"कल्याणला. छावणीत पलटणी उतरल्यात. त्यांना खायला लागतं."

"आधी नाय सांगितलं."

"सांगितलं असतं तर चारले असतेस?"

"नाय."

"म्हणून."

नथूने भुऱ्याच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "भुऱ्याला ठेव. माझी चराई देऊ नको."

चंदर वाईट माणूस नव्हता. त्याने नजर वळवली. "तोच सगळ्यांत जड हाय, काका. ठेकेदार पयला त्यालाच बघंल."

परक्या माणसांबरोबर रेडे हलेनात. चंदरच्या गड्यांनी काठ्या उगारल्या. भुऱ्याच्या पाठीवर वळ उठला, तसा नथू पुढे झाला आणि त्याने गड्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"मारू नको. मी आणतो."

तो पुढे चालू लागला आणि रेडे त्याच्यामागून निघाले. वाटेत कडेचं गवत दिसलं की थांबत. नथू त्यांना खाऊ देई. चंदरही घाई कर म्हणाला नाही.

मुरबाडला लॉरी उभी होती. फळीवर एक पाय ठेवून भुऱ्या अडला. नथू स्वतः वर चढला, आत जाऊन उभा राहिला. भुऱ्या आला, त्याच्यामागून बाकीचे आले. नथू त्यांच्या अंगांमधून वाट काढत खाली उतरला.

घरी पोचला तेव्हा बाईजा दारात बसली होती.

"भुऱ्या कोणाकडं गेला?"

"हाय एक शेतकरी."

"पाणी जवळ हाय का त्याच्या शेताला?"

"हाय."

"बरं झालं," बाईजा म्हणाली, आणि तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. नथूने ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.