उशिरा केलेली नोंद

आमच्या रुग्णालयात मला तोंडावर 'मॅडम' म्हणतात आणि पाठीमागे 'चुकाबाई'. माझी तक्रार नाही. चारशे खाटांच्या त्या इमारतीत कुठे काय चुकलं, कुठे चुकता चुकता राहिलं, हे बघणं हेच माझं काम, आणि गेल्या दीड वर्षापासून ते सगळं माझ्या मोबाईलवर येतं. ॲप उघडलं की वॉर्डांची यादी दिसते आणि जिथे काही घडलं असेल त्या वॉर्डापुढे लाल ठिपका. ओली फरशी, कठडा न लावलेली खाट, एकाच्या हातात दुसऱ्याच्या नावाचा पट्टा. नवरा म्हणतो, घराला आग लागली तरी तू आधी ते ठिपके बघशील. बघीन. आग विझवायला तो आहेच की घरात.

ॲप यायच्या आधी फॉर्म होता. तीन प्रतींत भरायचा, आणि पहिलाच रकाना 'चूक करणाऱ्याचे नाव'. कोण भरतंय? वर्षाकाठी दहा-बारा फॉर्म यायचे, त्यातले निम्मे हरवलेल्या ब्लँकेटांचे. ॲप नाव मागत नाही. द्यायचं तर द्या, नाहीतर राहू द्या. काय झालं, कुठे झालं, कशामुळे होऊ शकलं, एवढंच विचारतं आणि जमलं तर फोटो टाका म्हणतं. आता महिन्याला तीनशे नोंदी येतात. दर नव्या तुकडीला मी हॉलमध्ये बसवून सांगते, "माणूस चुकणारच. माणूस शोधू नका, चूक होऊ देणारी जागा शोधा." पोरी वहीत लिहून घेतात. मी माईक खाली ठेवते आणि मनात म्हणते, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

परवा मंगळवारी डबा उघडला आणि ठिपका आला. चौथा वॉर्ड. कुणा सिस्टरने लिहिलं होतं, "औषधाची पूड विरघळवायला पाण्याची कुपी घ्यायला गेले, हातात पोटॅशियमची आली. नाव वाचलं म्हणून कळलं. दोन्ही खोकी निळी आहेत आणि शेजारी शेजारी आहेत." खाली ट्रॉलीच्या कप्प्याचा फोटो. पोटॅशियम थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, हे आमच्यातल्या शिकाऊ मुलीलाही माहीत असतं. म्हणजे जिवावरचं शेपटावर निभावलं होतं. मी औषधांच्या स्टोअरला आणि वॉर्डच्या इनचार्जला ॲपवरून काम दिलं. चाळीस मिनिटांत दुसरा फोटो आला: पोटॅशियम वेगळ्या कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपावर लाल पट्टी. नोंद बंद.

चाळीस मिनिटं! मी डबा तसाच झाकून ठेवला.

तोच वॉर्ड, तोच कप्पा, तशीच खोकी. अकरा वर्षांत तो कप्पा कुणी बदललाच नव्हता, कारण त्या वेळी माणूस काढून काम भागलं होतं. ते माणूस म्हणजे घाईबाई, माझी मैत्रीण.

नाव मीच ठेवलेलं. ती जिने दोन दोन पायऱ्यांनी चढायची, चहा इतका कढत प्यायची की बघणाऱ्याची जीभ पोळावी. सहा वर्षं आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत काढली. मला स्वतःचा अंबाडा कधी धड जमला नाही. रोज सकाळी तो ती बांधायची, तोंडात पिना धरून, "हलू नकोस गं बाई, हलू नकोस" करत. पेशंटच्या खाटेपाशी मात्र ती कधीच घाई करत नसे. तिथे ती अशी सावकाश व्हायची की मला चिडायला व्हायचं. हे मला जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी ते घडलं त्या दिवशी रुग्णालयाची तपासणी होती आणि चौथ्या वॉर्डाची इनचार्ज मी होते. सहालाच जाऊन मी औषधांची ट्रॉली लावली. सुंदर दिसावी म्हणून रंगाला रंग लावून लावली: पांढरी खोकी वर, हिरवी मध्ये, निळी खाली. तपासणीवाले थांबून बघत राहिले. "ट्रॉली अशी असावी," त्यांतला एक म्हणाला, आणि मी लाजलेसुद्धा. दोन तासांनी घाईबाईने खालच्या कप्प्यातून पाण्याची कुपी घेतली. पाण्याची नव्हती ती. चौदा नंबरचे आजोबा "जळजळतंय" म्हणाले तशी तिने सुई काढली, तिनेच डॉक्टरांना हाक मारली, रिकामी कुपी कचऱ्यातून शोधून तिनेच त्यांच्या हातात दिली. आजोबा चार दिवस अतिदक्षता विभागात होते आणि मग चालत घरी गेले.

चौकशीला एकेकीला बोलावलं. मेट्रनने मला विचारलं, "तिला घाई असते का?"

मी म्हणाले, "असते."

ट्रॉली कुणी लावली, हे कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले आणि ते मला एकदाही पटलं नाही. तिच्या कागदांवर 'निष्काळजीपणा' असा शेरा बसला. तो शेरा बघून पुढे तिला एकाही रुग्णालयाने उभं केलं नाही. मी ड्यूटीवरून परतले तेव्हा तिच्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती. पुढच्याच महिन्यात मी केस कापून टाकले. सगळ्या म्हणाल्या, छान दिसतात.

तिची आठवण येते असं म्हणणं म्हणजे काहीच म्हणणं नव्हे. बढतीचं पत्र हातात पडलं तेव्हा मी सवयीने उजवीकडे वळून "बघ गं" म्हणाले; तिथे पाण्याचा कूलर होता. मुलगी झाली तेव्हा पहिल्यांदा तिला कळवावंसं वाटलं, नवऱ्याला नंतर. दर वाढदिवसाला तिच्या नंबरावर मी दोन ओळी टाईप करते आणि पुसते. तिच्यासारखी माणसं मिळतात, असं लोक सांगतात. मला नाही मिळाली.

मंगळवारी दुपारी केबिनचं दार लावून मी ॲप उघडलं आणि नवी नोंद करायला घेतली. तारखेच्या जागी अकरा वर्षांपूर्वीची तारीख टाकली. ॲपने कुरकुर न करता घेतली. काय झालं? "तपासणीच्या सकाळी मी औषधांची खोकी रंगाप्रमाणे लावली. पोटॅशियम आणि पाणी एकाच कप्प्यात शेजारी ठेवलं." कशामुळे होऊ शकलं? "ट्रॉली चांगली दिसावी म्हणून." मग नाव टाकलं, पूर्ण, हुद्द्यासकट. नाव टाकलेली नोंद थेट संचालकांकडे जाते. जुनी चौकशी उघडणार, तिच्या कागदांवरचा शेरा निघणार आणि माझी खुर्ची बहुधा जाणार. 'पाठवा' या बटणावर अंगठा नेला आणि तसाच मागे घेतला. आधी तिला दाखवू, म्हटलं. मेट्रनला दिलेलं ते एका शब्दाचं उत्तर लिहायला ॲपमध्ये रकाना नव्हता, आणि मीही तो शोधला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दोन तासांची बस धरली. ती भावाच्या वह्या-पेनांच्या दुकानात बसते, हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. दोन तासांचं अंतर कापायला मला अकरा वर्षं लागली.

दुकान लहान, पण शिस्तीचं. पेनं, फूटपट्ट्या, गोंदाच्या बाटल्या. निळी शाई एका टोकाला आणि काळी पार दुसऱ्या टोकाला. ती खाली मान घालून पावती फाडत होती.

"काय हवंय?" म्हणत तिने वर बघितलं. हातातली पावती अर्धीच फाटून राहिली. "केस कापलेस," ती म्हणाली.

"हो."

आतून भावजय ओरडली, "वन्सं, काळी शाई कुठे ठेवलीत हो? सगळी शाई एका जागी ठेवली तर काय बिघडेल?"

"बिघडतं," ती तिकडे न बघता म्हणाली. "डावीकडे, शेवटच्या फळीवर."

बसमध्ये घोकलेली सगळी वाक्यं दुकानाच्या पायरीवरच सांडली होती. मी मोबाईल तिच्यासमोर धरला. "वाच."

तिने चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. अंबाडा बांधणारी तीच बोटं, आता शाईने काळी झालेली. मला ती धरावीशी वाटली. धरली नाहीत.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. तुझ्याशिवाय त्या ट्रॉलीला हात लावायची कुणाची टाप होती? मी एकदा कापसाचा डबा हलवला होता तर दोन दिवस बोलली नव्हतीस."

"मग चौकशीत सांगितलं का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर तो कांगावा झाला असता. तू सांगायला हवं होतंस." तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "मला वाटलं, आज सांगेल. मग वाटलं, आठवडाभरात सांगेल, भित्री आहे ती. मग माझं पत्रच आलं. इथे आल्यावर वर्षभर पोस्टमन दिसला की मी काउंटर सोडून बाहेर यायचे. दादा विचारायचा, कुणाचं पत्र यायचंय गं? मी म्हणायचे, नोकरीचं."

ती परत पडद्याकडे बघत होती.

"हे पाठवलेलं नाहीस अजून."

"आधी तुला दाखवावं म्हटलं."

"का? मी म्हणेन, जाऊ दे गं, झालं गेलं गंगेला मिळालं. असं वाटलं होतं ना?"

मनाच्या तळाशी तेच होतं. तिने नको म्हणावं, मी थोडं रडावं, खुर्ची राहावी आणि मैत्रीणही परत मिळावी. हे मला बसमध्ये कळलं नव्हतं. तिला दोन मिनिटांत कळलं.

"पाठव," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. पडद्यावरचं चाक फिरलं आणि 'नोंद मिळाली' असं आलं. मोबाईल पर्समध्ये टाकून मी उभी राहिले. आता ती रडेल, शिव्या घालेल, निदान हात तरी धरेल, अशी वाट बघत. ती फडक्याने काउंटर पुसायला लागली.

"उद्या चौकशी उघडेल," मी म्हणाले. "तुझ्या कागदांवरचा शेरा निघेल. तुला परत काम करता येईल."

"हं."

"अगं, काहीतरी बोल ना."

"मी काय बोलू?" तिने फडकं टाकलं. "मोबाईलला सांगितलंस. संचालकांना सांगितलंस. मला कुठे सांगितलंस अजून?"

"आत्ता वाचलंस की."

"वाचलं. तुझ्या तोंडून ऐकलं नाही."

दारात एक बाई वही घ्यायला आली. घाईबाईने तिला हातानेच थांबायची खूण केली. हॉलभर पोरींना शिकवणारी मी, माझ्याने तिच्या डोळ्यांत बघवेना.

"ट्रॉली मी लावली होती," मी म्हणाले. "तू बरोबर जागेवरून कुपी घेतलीस, जागा मी चुकवली होती." एवढ्यावर थांबता आलं असतं. तिला माहीत होतं तेवढं सांगून झालं होतं, आणि तिचा चेहरा जरा सैल पडत होता. "आणि मेट्रनने मला विचारलं होतं, तिला घाई असते का. मी म्हणाले, असते. माहीत होतं मला, पेशंटपाशी तू कधी घाई केली नाहीस. त्या दिवशीही तुला घाई नव्हती. तरी म्हणाले."

तिचा सैल पडलेला चेहरा तसाच थांबला.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

आत भावजय काहीतरी विचारत होती. दारातली बाई वह्या चाळायला लागली. मी पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला. ती आता जा म्हणेल आणि मला जावं लागेल.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"ते. मला घाई नव्हती, ते."

"तुला घाई नव्हती."

तिने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती. डोळे मिटलेले होते.

"परत."