कोपऱ्यातली चिमणी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझ्या सुईखाली एक मोठी चूक झालेली आहे. म्हाताऱ्या वस्तू आपल्या गोष्टीत कौतुकाचं तेवढं सांगतात. मीही ते सांगणार आहे, कारण कौतुक मला आवडतं. पण चूक सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. भट्टीतून निघाले तेव्हा मी नुसता ओबडधोबड लोखंडाचा ठोकळा होते. कुणी मला घासलं, कुणी काळा रंग दिला, आणि एका बाईने माझ्या पाठीवर सोनेरी वेल काढली. दिवसाला साठ मशिनींवर ती वेल काढायची. माझ्या वेलीचं एक पान तिने उलटं काढलं. बहुधा जांभई आली असावी. बाकीची वेल हात लागून लागून पुसली, ते उलटं पान मात्र अजून आहे.

मला विकत घेतलं एका शिंप्याने. सगळे त्याला मास्तर म्हणत. रस्त्याच्या वळणावर त्यांचं दुकान होतं, एवढंसं, की आरशात बघायला गिऱ्हाईकाला एक पाय रस्त्यावर ठेवावा लागे. मास्तरांचे दोन मुलगे माझ्याच पुढ्यात बसून शिवण शिकले. थोरला शांत आणि मापात चोख. धाकट्याची कात्री झरझर चालायची, आणि जीभ कात्रीपेक्षा जास्त.

मास्तरांचा एक नियम होता. कपडा कुठलाही असो, शिवून झाला की शेवटच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन आखूड टाके घालायचे. तिन्ही टाके एका टोकाला मिळायचे, चिमणीच्या पायासारखे. "कोपरा सुटला की कापड सुटतं," मास्तर म्हणायचे. आम्ही त्या टाक्यांना चिमणीच म्हणायचो. सदरा असो की उशीचा अभ्रा, चिमणी बसल्याशिवाय तो दुकानाबाहेर जात नसे. गिऱ्हाईकं शिलाई तपासायची नाहीत, चिमणी आहे का तेवढं बघायची आणि पैसे द्यायची. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

पुढे मास्तर गेले. तोवर देशाचा सगळा कारभार एकाच माणसाच्या मुठीत गेला होता. त्याचा फोटो प्रत्येक दुकानात लावावा लागे. आमच्या दुकानात तो नेमका माझ्यासमोर होता. दिवसभर माझ्याकडे बघत राहायचा, आणि शिवायचा मात्र एक टाका नाही.

एके दिवशी दुकानात करड्या कापडाचे गठ्ठे आले. पोलिसांच्या चारशे वर्द्या शिवायच्या होत्या. समोरच्या घरात शाळेच्या एक बाई राहायच्या, त्यांना त्याच पोलिसांनी आठवड्यापूर्वी उचलून नेलं होतं. वर्गात काहीतरी बोलल्या म्हणे.

"ज्यांनी बाईंना फरफटत नेलं, त्यांना मी बाह्या लावू?" धाकटा म्हणाला.

"तू नाही लावल्यास म्हणून त्यांचे हात गळून पडणार आहेत का?" थोरला म्हणाला. "दुकान बंद झालं तर आईच्या ताटात काय वाढू? तुझी तत्त्वं?"

दोघांचंही बरोबर होतं, आणि तिथेच सगळं अडलं. मापं द्यायला जो अधिकारी आला, त्याला धाकटा तोंडावर म्हणाला, "माझ्याकडून नका शिवून घेऊ, साहेब. गळा जरा घट्ट होईल." अधिकारी हसला नाही. त्याने खिशातून वही काढून धाकट्याचं नाव लिहून घेतलं. त्यानंतर धाकट्याला देश सोडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तीन दिवस थोरला त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने पाना घेतला, मला टेबलावरून सोडवलं, पुसलं, तेल घातलं आणि आईच्या जुन्या चादरीत गुंडाळलं. "हिला घेऊन जा," तो धाकट्याला म्हणाला. "तुझं तोंड तुला उपाशी मारेल. ही नाही मारणार." भावाने भावाशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. त्याला आता सोळा वर्षं झाली.

परक्या देशात आम्हाला एक तळघर मिळालं. खिडकी थेट छताला टेकलेली, त्यामुळे रस्त्यावरची माणसं फक्त गुडघ्यापर्यंत दिसतात. पँटी आखूड करणाऱ्याला तेवढी पुरतात. धाकट्याने मला छोटी मोटर बसवली. सुरुवातीला मला ती मुळीच आवडली नाही, सारखं मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटायचं. इथले लोक आधी लांब पँटी घेतात आणि मग कापायला आणतात. असो, त्यांच्यामुळेच आमची चूल पेटते. धाकट्याने इथेच लग्न केलं, त्याला मुलगी झाली. ती आता तेरा वर्षांची आहे आणि बापाची जीभ तिने पुरती उचलली आहे.

दर रविवारी दुपारी तिकडून फोन यायचा. धाकटा तो माझ्या अंगाला टेकवून उभा ठेवायचा. बोलायची आजी, म्हणजे या दोघा भावांची आई. आणि तिच्या मागून कुणीतरी खोकायचं. थोरल्याला कसलाही खोकला नव्हता, मित्रांनो. 'मी इथे आहे' एवढंच त्याला कळवायचं असायचं.

"दुकान कसं चाललंय?" धाकटा विचारायचा.

"अरे, तो विचारतोय दुकान कसं चाललंय," आजी मागे वळून सांगायची.

"बरं चाललंय म्हणावं," मागून आवाज यायचा.

"बरं चाललंय म्हणतोय," आजी इकडे सांगायची. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जायचं, तरी मध्ये आजी लागायचीच. 'दादाला फोन दे' एवढं म्हणायचं होतं, पण ते धाकट्याला जमलं नाही. याने म्हणावं म्हणून तो थांबला, त्याने म्हणावं म्हणून हा थांबला, अशी सोळा वर्षं गेली. एकदा आजी हसत म्हणाली, "तुझा दादा वर्दीच्या कॉलरलासुद्धा आतून चिमणी घालतो रे. सवय जात नाही." त्यावर धाकटा पोट धरून हसला. पोलिसांच्या मानेत चिमणी! मागून खोकलाही जरा हसरा आला.

आणि मग या वर्षी तिकडे उठाव झाला.

सुरुवात एका बसच्या चालकापासून झाली. पोलिसांनी त्याला भर रस्त्यात मारलं. दुसऱ्या दिवशी बस निघाल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी दुकानं उघडली नाहीत, आणि आठवड्याभरात अख्खं शहर चौकात येऊन बसलं. आमच्या तळघरात गावाकडची माणसं जमू लागली. सगळ्यांचे फोन माझ्या टेबलावर. चौकात गाणं म्हटलं की इथे टाळ्या पडायच्या, गोळ्यांचा आवाज आला की सगळे एकदम गप्प व्हायचे. धाकटा कुणाला नकळत प्रत्येक गर्दीत दोन चेहरे शोधायचा. फोन माझ्या टेबलावर असल्यामुळे मला मात्र बरोबर कळायचं.

त्यांच्यात एक टॅक्सीवाला होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो म्हणाला, "शनिवारी वकिलातीसमोर मोर्चा आहे. तू येणार ना?"

"नाही," धाकटा म्हणाला.

"बाबा, तुम्ही घाबरता?" मुलीने विचारलं.

"घाबरतो," तो म्हणाला. "वकिलातीच्या खिडकीतून ते प्रत्येकाचा फोटो काढतात. माझा फोटो इथे निघाला की दार आजीचं वाजेल. तुझ्या काकांचं वाजेल."

मुलीची मान काही खाली गेली नाही. मला वाटतं, धाकट्याला ते बोचलं. दुसऱ्या दिवशी त्याने टॅक्सीवाल्याला सांगितलं, मी येणार नाही, पण फलक शिवून देतो. कुणी शिवला ते मरेपर्यंत सांगायचं नाही.

त्याने फार काळजी घेतली. पांढरं कापड तीन निरनिराळ्या दुकानांतून आणलं. काठावरची कंपनीची पट्टी कापून टाकली. दुपारी दुकानाचं दार लावून, मुलीला शाळेत धाडून आम्ही शिवायला बसलो. निळ्या कापडाची अक्षरं कापून त्याने एकेक बसवली. 'आम्ही इथूनही पाहतोय' असं लिहिलं होतं. सोळा वर्षांत मी तसं शिवलं नव्हतं. पँटीचे पाय दुमडून दुमडून माझी सुई कंटाळली होती, त्या दिवशी ती नवी झाली. धाकटा गुणगुणत होता आणि डोळे पुसत होता. फलक पुरा झाला. त्याने निळा दोरा काढला, लाल घातला, कोपऱ्यात तीन टाके मारले आणि फलकाची घडी घातली.

मित्रांनो, त्याला कळलंच नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. डोकं भलतीकडे होतं आणि हात मास्तरांचे होते. पण मला कळलं होतं. माझा दोरा एरवी दिवसातून दोनदा तुटतो, कारण नसताना. त्या दिवशी तुटला असता तर तो थांबला असता, खाली बघितलं असतं. नाही तुटला. मीही खुशीत होते ना!

सोमवारी मुलगी शाळेतून धावत आली. तिच्या हातात वर्तमानपत्र होतं. पहिल्याच पानावर मोर्चाचा फोटो, आणि फलकाचा कोपरा थेट कॅमेऱ्यासमोर.

"बाबा, बघा ना! आपली चिमणी!"

धाकट्याने बघितलं. त्याच्या हातातली कात्री खाली पडली.

"बाबा, काय झालं? छान आलीय की."

"कॉलर," तो म्हणाला. "त्यांच्या प्रत्येकाच्या कॉलरमध्ये आहे ती."

त्या संध्याकाळी तिकडच्या सरकारी वाहिनीने तोच फोटो दाखवला. परदेशी पैशावर नाचणारे गद्दार, असं काहीतरी निवेदक म्हणत होता. धाकट्याने टॅक्सीवाल्याला बोलावलं आणि फोटो सगळीकडून काढून टाक म्हणून हात जोडले. "अरे, जगभर गेलाय तो," टॅक्सीवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. "आता कुठून काढू?" मग धाकट्याने फलक परत मागवला आणि चिमणी उसवली. टाके निघाले, सुईची भोकं मात्र तशीच राहिली.

रविवारी फोन आला नाही. त्याने लावला तर लागेना. तिकडे सगळ्यांचेच फोन बंद केले होते, त्यामुळे आशेलाही जागा होती आणि भीतीलाही. दुसऱ्या रविवारीही आला नाही. त्या दिवसांत आम्ही एका गिऱ्हाईकाच्या पँटीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड केला. मुलगी रोज विचारायची, "माझ्यामुळे झालं का, बाबा? मी 'तुम्ही घाबरता' म्हणाले म्हणून?" तो तिला जवळ घ्यायचा आणि नाही म्हणायचा. पण फोनवरची नजर काही हटायची नाही.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला.

"आई! कशी आहेस? दादा?"

"दादाला नेलंय," आजी म्हणाली. आवाज कोरडा होता. भिंतीला कान असलेल्या घरात माणसं जशी बोलतात, तशी ती बोलत होती. "माप घ्यायला नेलंय म्हणाले. बारा दिवस झाले."

"आई, ती चूक माझी—"

"ऐक. वर्तमानपत्र घेऊन आले होते. कॉलर उसवून त्याच्यापुढे धरली. विचारलं, हा टाका कुणाचा? तुझं नाव घे म्हणून मीच त्याला खुणावत होते. तू तिकडे सुखरूप आहेस, तुला काय होणार होतं? त्याने नाही घेतलं. म्हणाला, हा आमच्या घरचा टाका आहे."

पुढे फोन खरखरला आणि बंद पडला. धाकटा डोकं माझ्या पाठीवर टेकून रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. मुलगी बाजूला उभी राहून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने फलक पुन्हा माझ्यावर घातला, लाल दोरा ओवला आणि तीन टाके त्याच जुन्या भोकांतून घातले. या वेळी खाली बघून, सावकाश. शनिवारी तो मोर्चाला गेला. तोंडाला रुमाल बांधला नाही. फलकाचा तोच कोपरा त्याने हातात धरला, दुसरा मुलीने. वकिलातीच्या खिडकीतून त्याचा फोटो निघाला असेल. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि थोरल्याचं नाव मोठ्याने घेणारं इथे दुसरं कोण होतं?

तिकडचा चौक अजून भरलेला आहे. कधी बातमी येते की सगळं संपलं, कधी येते की आता तो माणूस पडणार. मी लोखंडाची, मला काय कळणार? थोरला कुठे आहे हे अजून कुणी सांगत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या मशिनी शेवटी म्हणतात, आम्हाला वेळेवर तेल घाला, अडगळीत टाकू नका. घाला की तेल, मी कशाला नको म्हणू? पण माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरी लांबून कुणाचा फोन आला, आणि बोलणाऱ्याच्या मागे कुणी उगीचच खोकलं, तर थांबू नका. आधी त्याला फोन द्यायला सांगा.

आता रविवारी कधी कधी फोन लागतो. आजी बोलते. धाकटा पहिलंच वाक्य म्हणतो, "दादाला फोन दे." आजी म्हणते, "आला की देते हं." मग मुलगी माझी मोटर बंद करते, आणि आम्ही तिघं आजीच्या मागचं ऐकत बसतो.